विद्यार्थ्याच्या संशोधनाचा खर्च कोणी सोसावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीचा मार्ग खुला झाला आहे. त्यासाठी त्याने १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पुरा करावयाचा आहे. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत नवी रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभी राहील. गुण, श्रेयांक आणि सत्रे यांचा हिशेब मांडून झाला आहे. हे संशोधन कोणाच्या पैशाने व्हावयाचे, या प्रश्नाची चर्चा मात्र अद्याप पुरेशी झालेली नाही.

वरवर पाहता हा खर्च किरकोळ वाटतो. प्रयोगशाळेतील रसायने, प्रश्नावल्यांच्या प्रती, खेड्यापर्यंतचे एस. टी.चे भाडे एवढ्यावर तो संपेल, असे कोणी म्हणेल. परंतु अर्थशास्त्रात ज्याला संधीखर्च म्हणतात, तो यात धरलेला नसतो. सकाळी वृत्तपत्रे टाकून व सायंकाळी औषधांच्या दुकानात उभे राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सहा आठवडे सर्वेक्षणासाठी द्यावयाचे, तर तेवढ्या काळाच्या मिळकतीवर त्याला पाणी सोडावे लागते. ती झळ सोसण्याची ऐपत ज्याच्या घरात आहे, तोच मग खरे संशोधन करू शकेल. ७५ टक्क्यांची अट कागदावर सर्वांना सारखी असली, तरी तिच्यामागे ऐपतीची दुसरी, न लिहिलेली अट उभी राहते.

पदवीच्या विद्यार्थ्याचे संशोधन ते काय, असा उपहासाचा सूरही ऐकू येतो. तो इतिहासाला धरून नाही. मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेल्या गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन स्वतःच्या गावांची पाहणी करावयास लावली. त्या पाहण्या १९१८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. पुढील दशकांत त्याच गावांची पुनःपुन्हा पाहणी झाली आणि दक्षिण भारतातील ग्रामीण बदलाच्या अभ्यासाला त्या पहिल्या नोंदींचा पाया मिळाला. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या वस्तीत विरून गेले आहे. त्याची शेते, कर्जे आणि माणसे त्या पानांत उरली आहेत. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयाभोवती अशी गावे बदलत आहेत. त्यांची नोंद ठेवण्यास तेथील विद्यार्थ्यांइतके योग्य कोण?

अडचण विद्यार्थ्यांच्या कुवतीची नसून अनुदानाच्या अर्जांची आहे. आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्प योजनेने अनेक वर्षे महाविद्यालयीन अध्यापकांना हात दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या केंद्रस्थानी अध्यापक होता. पुढे २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी संशोधनाचे गुण मोजावयास आरंभ केला आणि निबंधांची संख्या हेच अनेकांचे साध्य बनले. उपकरणे, ग्रंथ, प्रवास, किरकोळ खर्च असे रकाने भरताना विद्यार्थी आठवतो तो प्रश्नावल्या भरून आणणारा फुकटचा हात म्हणून.

हा क्रम उलटा करता येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना सुरू केली. तीत विद्यार्थ्याला श्रेयांक किंवा वेतन घेता येते. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या १९८७ पासूनच्या योजनेत प्रस्ताव अध्यापक लिहितात, पण त्यातील प्रमुख खर्च विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाचा असतो. आपल्या अध्यापकांच्या प्रस्तावातही विद्यार्थ्याचे मानधन हा स्वतंत्र रकाना असला पाहिजे. प्रश्न एका वर्षात उलगडेल इतका आटोपशीर असावा. अध्यापक आठवड्यातून किती तास मार्गदर्शन करणार हे लिहावे आणि ते तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत. विद्यार्थी काय शिकला याची साक्ष म्हणून त्याची नोंदवही ग्रंथालयात जमा व्हावी.

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप येईलच. त्याचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आज विद्यापीठे व महाविद्यालये त्या नावाने योजना चालवितात आणि ग्रंथालयात, कार्यालयात वा बागेत केलेल्या कामाचा मोबदला विद्यार्थ्याला मिळतो. पुस्तकांवरील धूळ झटकणे हे जर मोबदल्याचे काम असेल, तर गावातील विहिरींची मोजणी हे का असू नये? शिवाय २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारावयाचे ठरले आहे. त्यातील अल्पसा वाटा पदवी महाविद्यालयांतील अशा छोट्या अनुदानांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

मात्र अनुदानाची रीतही बदलली पाहिजे. हजारांतील रकमेसाठी लाखांतील रकमेइतकी कागदपत्रे मागू नयेत. निर्णय सत्रारंभापूर्वी व्हावा. आधी खर्च करा आणि मग पावत्या जोडा, हा शिरस्ता गरिबाला दारातूनच परतवतो. म्हणून मानधन दरमहा हाती पडले पाहिजे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांवर आज अनेक विभागांचा भार आहे. त्यांनाही प्रस्ताव मांडण्याचा अधिकार हवा.

हे झाले नाही तर काय होईल, याचे भाकीत करावयास ज्योतिषी नको. पर्यावरण विषयाच्या सक्तीच्या प्रकल्पवह्या कशा तयार झाल्या, हे शिक्षक, विद्यार्थी आणि झेरॉक्सचे दुकानदार तिघेही जाणतात. चौथ्या वर्षाचे संशोधन त्याच वाटेने गेले, तर पदवीपत्रावर ‘संशोधन’ हा शब्द राहील आणि विद्यार्थ्याच्या पदरी केवळ उताऱ्यांची जुळवाजुळव पडेल. स्वतः मोजलेली आकडेवारी आपल्या ग्रहाला खोटे पाडते, तेव्हा विद्यार्थी विचार करू लागतो. हा अनुभव ऐपतदारांपुरता ठेवावयाचा की सर्वांना द्यावयाचा, याचा निर्णय धोरणाच्या प्रस्तावनेत होत नसतो. तो अनुदानाच्या अर्जातील एका रकान्यात होतो. पहिली तुकडी दाराशी येण्यापूर्वी तो रकाना आखला गेला पाहिजे.