गुडघ्याआधी सॉकेट

मंडळातल्या एका घरातून फोन आला. मुलाचा पाय मांडीतून काढावा लागला आहे, कोणता गुडघा घ्यावा? इलेक्ट्रॉनिक परवडेल का? मी स्वतः सहा वर्षं असा पाय वापरतो, म्हणून मला विचारलं. म्हटलं, गुडघ्याचं नंतर बघू, आधी सॉकेट. महागडा गुडघा असूनही सॉकेट टोचतं म्हणून कपाटात पडलेले पाय मी पाहिले आहेत.

सॉकेट म्हणजे उरलेली मांडी, म्हणजे स्टंप, ज्यात बसतो तो कडक साचा. तळपाय भार घ्यायला बनलेला असतो, मांडीचं मांस नाही. म्हणून भार द्यायचा कुठे, हाच खरा प्रश्न. जुन्या चौकोनी घडणीत काठावर सपाट बैठक असते, तिच्यावर बसण्याचं हाड टेकतं. नंतरच्या घडणीत ते हाड सॉकेटच्या आत घेतात. त्यामुळे मांडीचं हाड बाहेर फाकत नाही, चालताना अंग एका बाजूला झुकत नाही. पण काठ जांघेत लागू शकतो. माप देताना बहुतेक जण चालून बघतात, बसून बघत नाहीत. माझी नोकरी दिवसभर खुर्चीतली! तासभर बसून पाहिल्याशिवाय मी होकार देत नाही.

स्टंपचा आकारही स्थिर नसतो. पहिल्या वर्षात तो बराच आटतो, आणि एरवीही सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट संध्याकाळी सैल होतं. मग मोजे वाढवायचे. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ते कायम असतात. त्यात आपल्या हैदराबादचा एप्रिल. सिलिकॉनच्या लायनरमध्ये घाम साचतो, पाय आत सरकू लागतो. दुपारी लायनर काढून पुसावाच लागतो, लाज कसली?

पक्कं सॉकेट करण्याआधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी सॉकेट मागा. कातडी कुठे दाबून पांढरी पडते, ते त्यातून दिसतं. पहिल्या वर्षात सॉकेट बदलावं लागलं तर पैसे वेगळे का, तेही आधीच लिहून घ्या.

आणि पंगतीला मांडी घालून बसायचं असेल, तर गुडघ्याच्या वर फिरणारा जोड बसवता येतो. तो मात्र मापाच्या वेळीच सांगा. स्टंप फार लांब असेल तर त्याला जागा उरत नाही.