जुने औषध, नवा आजार – खर्च कोणी करायचा?

गेल्या वर्षी पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा आमच्या यकृतावर चरबी निघाली. दारूला आम्ही कधी शिवलो नाही, त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्याचाच असावा असे वाटले. डॉक्टरांनी विचारले, दिवसभर करता काय? गडहिंग्लजला कापडाच्या दुकानात गादीवर बसतो, गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा घेतो, रात्री उशिरा जेवतो. उत्तर त्यातच होते. मशीनवर बसणाऱ्या शिंपी बांधवांची तऱ्हा फारशी वेगळी नाही.

दम्याचे एक जुने औषध या आजारावर चालेल का, हे अमेरिकेत तपासले गेले आहे. नाव ॲम्लेक्झानॉक्स, जपानमध्ये ते दम्यासाठी देत. मिशिगन विद्यापीठातील ॲलन सॉल्टिएल यांच्या पथकाने २०१३ मध्ये दाखवले की लठ्ठ उंदरांचे वजन आणि यकृतातील चरबी त्याने उतरते. २०१७ मध्ये ४२ लठ्ठ मधुमेही रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनाच ठळक गुण आला. एवढ्यावरून कोणी गोळी लिहून देणार नाही. मोठी चाचणी हवी.

परकरासाठी आणलेले पॉपलीन पडून राहिले की आपण ते अस्तराला काढतो. औषधाचे तसे नाही. नव्या आजारासाठी पुन्हा पुरावा द्यावा लागतो आणि त्याला कोट्यवधी रुपये लागतात. पेटंट संपलेले औषध एकाने पैसा ओतून सिद्ध केले, तर उद्या दहा कंपन्या तेच स्वस्तात विकणार. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हात आखडता घेतला असता. अहमदाबादच्या झायडसने सारोग्लिटाझार २०१३ मध्ये मधुमेहींच्या रक्तातील चरबीसाठी बाजारात आणले आणि २०२० मध्ये यकृताच्या या आजारासाठीही परवानगी मिळवली. माल स्वतःचा होता, म्हणून खर्च परवडला.

बिनधन्याच्या औषधांवर मग सरकारनेच पैसा घालावा. २०२१ मध्ये केंद्राने फॅटी लिव्हर राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तपासणीबरोबर अशा चाचण्यांनाही रक्कम ठेवावी. व्यापारी संघटनांनी खासदारांकडे करसवलतीइतक्याच जोराने हे मागावे.

तोवर घरातली दम्याची गोळी यकृतासाठी कोणी घेऊ नये. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृताची सूजही ओसरते, असे डॉक्टर सांगतात. आमचे चार किलो उतरले आहे. दुकानातला चहा आता बिनसाखरेचा येतो. जुनी गिऱ्हाइके कुरकुरतात.