रद्दीतला बहादूर

दिवाळीच्या साफसफाईत पातूरच्या जुन्या घरांचे माळे रिकामे होतात. खतावण्या, कापसाच्या काटापट्ट्या, लग्नपत्रिका यांच्या गठ्ठ्यात एखादे मुखपृष्ठ निखळलेले चित्रकथेचे पुस्तकही निघते. खतावणी दोनदा उलटून पाहिली जाते आणि पुन्हा कापडात बांधली जाते. चित्रकथा मात्र सरळ रद्दीवाल्याच्या तागडीत पडते. वस्तूची पारख हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांच्याकडून ही एक पारख राहून जाते.

या पुस्तकांतील बरीचशी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची असतात. अकोल्याहून पातूर-मालेगावमार्गे शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबांतील मुलांनी एसटीच्या खिडकीशी बसून वाचलेली ती हीच. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली ही मालिका सुरू केली आणि १९९० साली ती बंद झाली. समूहाची मालकी साहू जैन घराण्याची. भारतीय ज्ञानपीठाची स्थापना करणारे साहू शांतिप्रसाद जैन हे त्याच घराण्याचे. म्हणजे ज्या घराण्याने प्राकृत-संस्कृत ग्रंथ छापून घेतले, त्याच घराण्याच्या छापखान्यातून वेताळ आणि जादूगार मँड्रेक घराघरांत पोहोचले. घरातील वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असते, तर ‘ही थेरं वाचू नकोस’ हे वाक्य कदाचित थोड्या हलक्या आवाजात उच्चारले गेले असते!

वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक यांनी तो १९३६ साली निर्माण केला. त्याचा मूळ देश ‘बेंगाला’. भारतीय वाचकाला त्यात बंगाल ऐकू येईल म्हणून इथे त्याचे ‘डेंकाली’ करण्यात आले. गोरा नायक आणि त्याच्यापुढे नतमस्तक होणारे काळे वनवासी ही मांडणी मात्र नाव बदलून बदलत नाही. मँड्रेकचा सोबती लोथार आरंभी चित्त्याचे कातडे पांघरून मोडकेतोडके बोलणारा सेवक होता. साठच्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा पेटला आणि लोथारचा पोशाखही बदलला, भाषाही सुधारली. मुले जादू पाहत होती. चित्रकाराच्या कुंचल्यावर मात्र रस्त्यावरच्या मोर्चांचा परिणाम होत होता.

या परदेशी मांदियाळीत १९७६ साली बहादूर आला. त्याचे जनक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. भगवा कुडता, खाली जीन्स, असा हा अस्सल देशी नायक. त्याची पार्श्वभूमी बालवाङ्मयात विरळाच. तो डाकूचा मुलगा आहे. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने त्याचा बाप गेला, तोच त्याला सांभाळतो आणि वाढवतो. सुडाची शपथ घ्यावी अशा वळणावरून हा मुलगा परत फिरतो आणि मोठेपणी गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हती. १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी चंबळच्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. शरण आलेल्यांच्या मुलांचे पुढे काय, समाज त्यांना बापाच्या नावानेच ओळखणार काय, हा प्रश्न तेव्हा ताजा होता. वर्तमानपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले असतील. दहा वर्षांच्या मुलापर्यंत तो नेला बहादूरने. वैराने वैर वाढते हे प्रवचनात ऐकलेल्या मुलाला तेच इथे घोड्यांच्या टापांसह भेटले. एवढे मात्र खरे की बहादूरच्या कथेत गोळीबारही भरपूर आहे. अहिंसेचा नमुना म्हणून ती पुढे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुरतींचा जन्म १९३५ चा, बालपण मुंबईच्या डोंगरी भागात गेले. युद्धकाळात आगगाडीतून जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी फेकलेल्या चित्रकथेवर मुलांची झुंबड उडाली आणि आपल्या हाती मिकी माऊसचे एक पान लागले, ही आठवण त्यांनी सांगितली आहे. दुसरी आठवण पाण्याची. एका बादलीसाठी त्यांची आई पहाटे चारला रांगेत उभी राहत असे. ही दुसरी आठवण उतारवयात कामाला आली. २००७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिरा रोड येथे ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. नाव भारदस्त, माणसे मोजून तीन. स्वतः सुरती, एक नळ दुरुस्त करणारा कारागीर आणि एक कार्यकर्ती. दर रविवारी एका इमारतीत जायचे, दार ठोठवायचे आणि गळका नळ फुकट दुरुस्त करून द्यायचा.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद असा : १६६६ घरे पाहिली, ४१४ नळ दुरुस्त केले, सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचवले. हा लिटरचा आकडा नळामागे हजार लिटर धरून काढलेला अंदाज आहे, हे हिशेबनीस वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. थेंब केवढा, यावर पुढचे सारे गणित. पण ४१४ नळ ही नोंद रोखीची आहे. तिला अंदाज लागत नाही.

जैन घरात पाणी गाळून घेण्याचा नियम आहे. पाण्याला अप्काय म्हणजे सजीव मानले जाते, आणि पाणी तुपासारखे वापरावे असे आजी सांगत असे. असे असूनही नियम पाळणाऱ्या त्याच घराच्या मोरीत नळ महिनोन्महिने टपटपत राहतो. गाळण्याचे कापड रोज स्वच्छ धुतले जाते, नळाचा वायसर मात्र बदलला जात नाही. पुढच्या शिवारांत, बाळापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात, गोड्या पाण्यासाठी बायकांनी काय सोसले हे पातूरकरांना सांगावे लागत नाही.

एवढासा नळ दुरुस्त का होत नाही, याचे कारणही सुरतींनी शोधले. घरमालक आळशी असतो हे अर्धेच उत्तर. एका नळासाठी यायला कारागीर तयार नसतो; त्याचा वेळ जातो आणि हाती काही पडत नाही. म्हणून त्यांनी कारागिराला दिवसाची मजुरी देऊन पूर्ण इमारत एकदम हाती घेतली. शनिवारी जिन्यापाशी सूचना लावायची आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची.