इंग्रजीशी मैत्री : अ‍ॅजाइल

मुलामुलींनो, ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे चपळ. यात नुसता वेग नाही; झटकन वळणे, वाकणे, तोल सावरणेही आले. आगगाडी ‘फास्ट’ असते, खार ‘अ‍ॅजाइल’.

‘शी इज अ‍ॅन अ‍ॅजाइल कबड्डी प्लेअर.’ शब्दाची सुरुवात स्वराने, म्हणून आधी ‘अ‍ॅन’.

बुद्धीलाही हा शब्द चालतो : ‘माय ग्रँडमदर इज ओल्ड, बट हर माइंड इज अ‍ॅजाइल.’

अर्जात मात्र लवकर उत्तर मागताना ‘अ‍ॅजाइल रिप्लाय’ लिहू नका. तिथे ‘प्रॉम्प्ट रिप्लाय’ हवा. एका चुकीच्या शब्दाने हुशार उमेदवारही कच्चा वाटतो.

घरात इंग्रजी बोलणारे कुणी नाही म्हणून बुजू नका. आज स्वतःचे एक वाक्य रचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. अर्थही सांगा, तीही शिकेल.