माशाने काय खाल्ले?

भगिनींनो, किड्यांपासून बनवलेल्या खाद्यावर हल्ली मासे वाढवतात, असे ऐकले की अनेकींच्या कपाळाला आठी पडते. ‘असा मासा दस्तरख्वानावर ठेवायचा कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण आधी आजचे खाद्य कशाचे असते, ते पाहू.

तळ्यातल्या माशांना आणि कोळंबीला प्रथिने मिळावीत म्हणून त्यांच्या खाद्यात फिशमील, म्हणजे सुक्या मासळीची भुकटी घालतात. ही भुकटी आणि मासळीचे तेल यांसाठी जगात वर्षाला सुमारे दीड कोटी टन मासळी खर्ची पडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारलीही या कारखान्यांत जाते. जी तारली गरिबाच्या घरी सालन होऊ शकते, ती परदेशी जाणारी कोळंबी पोसते.

याला एक पर्याय म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या. भाजीपाल्याच्या, धान्याच्या टाकाऊ भागावर त्या दोनेक आठवड्यांत पोसतात. सुकवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने असतात. ही आपली घरमाशी नव्हे. युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून मत्स्यशेतीत अशा खाद्याला परवानगी दिली आहे. मात्र समुद्री मासळीतले ओमेगा-३ या अळ्यांत फारसे नसते, म्हणून काही माशांच्या खाद्यातून फिशमील आणि मासळीचे तेल पूर्णपणे काढता येत नाही.

नदीतला मासाही किडे खातोच. तेव्हा किड्याची किळस नको. विचारायचे ते हे की अळी कशावर पोसली? शेण, मैला किंवा हॉटेलातले खरकटे अळ्यांना घालायला युरोपात बंदी आहे. अळ्यांच्या अन्नात कॅडमियमसारखा विषारी धातू असेल, तर तो त्यांच्या अंगात साठतो.

आपल्या फिकहलाही हा प्रश्न नवा नाही. मुख्यतः घाण खाणाऱ्या जनावराला ‘जल्लाला’ म्हणतात. ते काही दिवस बांधून, स्वच्छ चारा देऊन मगच खावे, असे सांगितले आहे. तपशिलात मसलकांचे मतभेद आहेत, ते आपल्या आलिमांना विचारावेत.

तळ्यातला मासा घेताना ताजेपणा, भाव आपण विचारतोच. यापुढे त्याला काय खाऊ घातले, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले, की विकणाऱ्यालाही माहिती ठेवावी लागते.