वागळ्यांची दुसरी पिढी

गाजलेली जुनी विनोदी मालिका नव्याने सुरू होणार अशी घोषणा झाली, की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट मूळ मालिकेच्या आठवणीने गहिवरतो आणि नव्या मालिकेचा पहिला भाग पाहण्याआधीच ती नापास करून मोकळा होतो. दुसऱ्या तटाला जुन्याचा हा सोस मुळीच उमगत नाही. त्याच्या दृष्टीने मूळ मालिका म्हणजे अंधुक चित्रे, कृत्रिम प्रकाश आणि संथ गती. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘वागले की दुनिया’ सोनी सब वाहिनीवर परतली, तेव्हाही हेच घडले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर प्रथम दिसलेले श्रीनिवास आणि राधिका वागळे हे दांपत्य तेहतीस वर्षांनी पुन्हा लोकांच्या भेटीस आले आणि त्यांच्याबरोबर तो जुना प्रश्नही आला : पुनरुज्जीवित मालिकेला मुळाची सर येईल काय?

या कुटुंबाबद्दल मराठी माणसाला अंमळ अधिक जिव्हाळा आहे. हिंदीत जाताना ‘वागळे’चे ‘वागले’ झाले, हे त्याने केव्हाच मनावर घेणे सोडून दिले. भिवंडीलगतच्या वळ गावी उत्तरेकडून माल घेऊन येणारे मोटारचालक गावाचे नाव ‘वल’ असेच उच्चारतात, म्हणून गाव काही जागचे हलत नाही. (या गावाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.)

मुळाची बरोबरी होणेच शक्य नाही, हे मत मराठी प्रेक्षकाने तरी घाईने मांडू नये. दूरदर्शनवरचा ‘चिमणराव’ आठवून ज्यांचे डोळे आजही पाणावतात, ते ज्याला मूळ समजतात तो वस्तुतः चिमणरावांचा दुसरा अवतार होता. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी कागदावर निर्माण केली. १९४० मध्ये मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटातून ती पडद्यावर आली. त्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. तो चित्रपट पाहिलेल्या पिढीला दुसरा चिमणराव ही कल्पनाही सहन झाली नसती. तरीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे यांनी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घेऊन ही जोडी मुंबई दूरदर्शनवर आणली, आणि पाहता पाहता मालवणकरांचा चिमणराव वडीलधाऱ्यांच्या बोलण्यापुरता उरला. रंगभूमीवर ‘मोरूची मावशी’चे असेच झाले. बापूराव माने यांची मावशी ज्यांनी पाहिली होती, त्यांनी १९८० च्या दशकात ‘सुयोग’ने रंगमंचावर आणलेल्या विजय चव्हाणांच्या मावशीला प्रथम नाके मुरडली असतील, पुढे मावशी म्हटले की चव्हाणच डोळ्यांपुढे येऊ लागले. आचार्य अत्र्यांचे ते नाटक तरी मूळचे कोठले? एका जुन्या इंग्रजी प्रहसनावरूनच ते आले होते.

तेव्हा नव्याने केलेले सारेच फिके, असे मानण्यास आधार नाही. पण या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, ती दुर्लक्षून चालणार नाही. दोन्ही ठिकाणी नटाच्या पाठीशी लेखकाची भक्कम संहिता उभी होती. पुस्तकातला चिमणराव कोणा एका नटाच्या मालकीचा नव्हता. दूरचित्रवाणी मालिकेची गोष्ट निराळी आहे. तेथे पात्र आणि नट यांची अशी काही सांधेजोड होते, की नट बाजूला काढला तर पात्रच हाती लागत नाही. वागळ्यांच्या पाठीशी कादंबरी नव्हती, कथासंग्रह नव्हता. होती ती आर. के. लक्ष्मण यांची कल्पना आणि त्यांच्या कुंचल्यातून १९५० च्या दशकापासून दररोज वृत्तपत्रात उमटत आलेला, चौकटीचा कोट घातलेला, कधीही तोंड न उघडणारा सामान्य माणूस. त्या अबोल माणसाला बोलते करण्याचे काम कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनाने आणि अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर यांच्या अभिनयाने केले. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘नुक्कड’ यांच्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या दिग्दर्शकाला हसवता हसवता बोचकारणे साधत असे. श्रीवास्तव तर स्वतः बँकेत नोकरी करून अभिनय करणारे; नोकरदाराची ओशाळवाणी घाई त्यांना कोणी शिकवावी लागली नसेल.

मूळ मालिकेचे सामर्थ्य कशात होते, हे पाहताना काळाचा वाटा मान्य केला पाहिजे. तेव्हा वाहिनी एकच होती. वळसारख्या गावात ज्याच्या घरी संच, त्याच्या ओटीवर शेजारपाजार गोळा होई. सगळे एकाच वेळी एकाच विनोदाला हसत आणि दुसऱ्या दिवशी तो विनोद कामाच्या ठिकाणी पुन्हा सांगितला जाई. त्या सामुदायिक हसण्याची आठवण मालिकेच्या खाती जमा झाली आहे. जुन्या प्रेक्षकाला जे परत हवे असते, त्यात ती ओटी, ते शेजारी आणि स्वतःचे तरुणपण यांचाही समावेश असतो. ते कोणती वाहिनी देणार? २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’ यांच्यासमवेत ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’ या जुन्या विनोदी मालिका पुन्हा दाखविल्या, तेव्हा घरात कोंडलेल्या कुटुंबांना त्या ओटीचा किंचित भास झाला. पुढच्याच वर्षी वागळे परतले.

पण सारे श्रेय काळाला देऊन टाकणे हाही अन्यायच होय. तेरा-तेरा भागांची मंजुरी देण्याची दूरदर्शनची त्या काळातली रीत निर्मात्यांना जाचक वाटे, लेखकाला मात्र ती तारक होती. आठवड्यातून एक भाग, त्यात एकच लहानसा प्रसंग. तो प्रसंग फुलविण्यास आणि, मुख्य म्हणजे, नको ते गाळण्यास अवधी मिळे. वागळ्यांच्या घरात मोठे असे काही घडतच नसे. एखादी वस्तू हवी असणे आणि खिशाने नाही म्हणणे, साहेबापुढे जीभ न उचलणे, घरी येऊन तोच राग बायकोपुढे काढू पाहणे आणि तेथेही हार खाणे, एवढ्या भांडवलावर तो संसार चाले. पुढे हिंदी चित्रपटसृष्टीचा बादशहा ठरलेला शाहरुख खान एका भागात येतो तो वागळ्यांना मोटारीची धडक देणारा तरुण म्हणून, हे आज पाहताना मौज वाटते. प्रसंगाचे मर्म मात्र धडक खाणाऱ्याच्या फजितीत आहे.

पुनरुज्जीवनाचे अपयश कसे असते, याचे बोधप्रद उदाहरण विलायतेतले आहे. ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ या मालिका भारतातही आवडीने पाहिल्या गेल्या. २००१ मध्ये फारुख शेख यांना घेऊन ‘जी मंत्रीजी’ हा त्यांचा हिंदी अवतारही निघाला होता. २०१३ मध्ये ‘येस प्राइम मिनिस्टर’ नव्या नटांसह पुन्हा करण्यात आली. लेखक तेच, अँटनी जे आणि जोनाथन लिन; परंतु सहा भागांत खेळ आटोपला. मूळ नट दोघेही तोवर दिवंगत झाले होते, आणि ज्या नोकरशाहीच्या गुळगुळीत भाषेवर तो विनोद बेतलेला होता, तिची ढब बदलली होती. आपल्याकडे ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या मालिकेला २००४ ते २००६ या मूळ प्रसारणकाळात प्रेक्षकसंख्येने हुलकावणी दिली आणि पुढे पुनःप्रक्षेपणांतून तिला भक्तमंडळी लाभली. २०१७ मध्ये ती हॉटस्टारवर परतली तेव्हा नट तेच होते, लेखकही तेच. तरी त्या भक्तांपैकी अनेकांचे समाधान झाले नाही. ज्या लकबी पूर्वी प्रसंगातून उमलत, त्या आता प्रेक्षक वाट पाहतो आहे म्हणून हजेरी लावत होत्या. विनोदी पात्राला आपण लोकप्रिय आहोत हे कळले, की ते संपले.

या पार्श्वभूमीवर नव्या वागळ्यांनी एक शहाणपण दाखविले, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जमनादास मजेठिया आणि आतिश कपाडिया यांच्या निर्मितीसंस्थेने वागळ्यांना म्हातारे होऊ दिले. श्रीवास्तव आणि आचरेकर त्याच नावांनी परतले, पण आजी-आजोबा होऊन. घराचा कारभार मुलगा राजेश आणि सून वंदना यांच्या हाती गेला. लक्ष्मण २०१५ मध्ये आणि कुंदन शाह २०१७ मध्ये निवर्तले होते; मूळ कर्त्यांच्या माघारी तेच घर तसेच उभारण्याचा हट्ट धरला असता, तर पदार्थसंग्रहालय तयार झाले असते. राजेशच्या भूमिकेसाठी सुमीत राघवन यांची निवड झाली, हाही योग चांगला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे झालेला हा मुलगा, पुढे साराभाईंच्या घरातला समंजस साहिल आणि आता वागळ्यांचा कर्ता पुत्र! दूरचित्रवाणीच्या दोन युगांत वाढलेला नट दोन पिढ्यांमधला दुवा म्हणून शोभला. वृद्ध वागळे मुलाच्या घरात वावरताना जेव्हा जेव्हा आपली जुनी काटकसर रेटू पाहतात आणि नातवंडे ती ऐकून घेतात, तेव्हा तेव्हा नवी मालिका मुळाच्या तोडीस जाते. तेथे तिला मुळाची नक्कल करावी लागत नाही. मूळच तिच्या घरात बसलेले असते.

ती उणी पडते ती अन्यत्र. आठवड्यातील बहुतेक दिवस एक भाग देण्याची सक्ती विनोदाच्या मुळावर येते. भागांची संख्या एक हजाराच्या पुढे गेली. कोणत्या लेखकवर्गाजवळ हजार भागांचे हसू असते? मग उरलेली जागा बोध भरून काढतो. लहान मुलांची सुरक्षितता, स्त्रियांचे आरोग्य, शेजारधर्म, वृद्धांचा एकटेपणा हे विषय मालिकेने सभ्यपणे हाताळले, त्याबद्दल तिचे अभिनंदनच करावे. परंतु भाग संपता संपता प्रत्येक जण काहीतरी शिकून बाहेर पडतो, हा नेम मूळ वागळ्यांना परका होता. ते बिचारे काहीच शिकत नसत. पुढच्या आठवड्यात नव्या फजितीस तितक्याच निरागसपणे सामोरे जात, आणि त्या न शिकण्यातच प्रेक्षकाला आपले प्रतिबिंब दिसे.

याहून गंभीर उणीव दिसावयास वळ गाव पुरेसे आहे. मुंबईची जकात चुकविण्यासाठी माल शहराच्या हद्दीबाहेर उतरविण्याची सोय म्हणून भिवंडी तालुक्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. वळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात जेथे भातखाचरे होती, तेथे पत्र्यांच्या विशाल छपरांखाली देशभर जाणारा माल पडून असतो. त्यात दूरचित्रवाणीचे संचही असतात, भ्रमणध्वनीही असतात. तेथे खोकी उचलणारा, पट्टी चिकटविणारा, हातातल्या यंत्राने माल मोजणारा तरुण कंत्राटदाराच्या यादीवर असतो. पाळी संपल्यावर तो आपल्या लहानशा पडद्यावर वागळे पाहतोही. परंतु नव्या वागळ्यांच्या नीटनेटक्या गृहसंकुलात त्याचा प्रवेश झालाच तर खोके पोचविण्यापुरता. १९८८ चा सामान्य माणूस हा कायम नोकरीतला, महिनाअखेरीस चणचण भासणारा कारकुनी माणूस होता. त्याच्या संसाराची सुरक्षितता आज अनेकांना चैन वाटावी. सामान्य माणसाचा पत्ता बदलला आहे, आणि नव्या मालिकेने वागळे हे आडनाव सांभाळले तरी त्या बदललेल्या पत्त्याची चौकशी फारशी केली नाही. लक्ष्मण यांचा तो अबोल गृहस्थ मात्र झोपडपट्टीपासून मंत्र्याच्या दालनापर्यंत कोठेही जाऊन उभा राहत असे.

गोदामातल्या जीवनात विनोद कोठून येणार, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप १९८८ मध्ये कारकुनाविषयीही घेता आला असता. गोदामासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीच्या मालकाचा मुलगा आणि त्याच गोदामात पाळीवर येणारा परगावचा कामगार एकाच चहाच्या टपरीवर बसतात. बापाची आगरी बोली, मुलाचे इंग्रजी माध्यम आणि कामगाराची भोजपुरी यांच्या संगमावर चिं. वि. जोश्यांसारखा लेखक वर्षभर जगला असता.

मराठी वाहिन्यांनीही यातून काही घ्यावे. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ पासून काही वर्षे चालली आणि प्रेक्षकांना हवीहवीशी असतानाच थांबली. तिचा पुढचा भाग काढा, अशी मागणी अधूनमधून होते. तो काढावयाचाच असेल, तर टिपऱ्यांच्या नातवंडांची आता मुले शाळेत जात असतील हे गृहीत धरून, आठवड्यातून एक आणि एकूण तेरा अशा हिशेबानेच काढावा, आणि पहिली रक्कम लेखकाच्या हाती ठेवावी. आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ज’ हा मंच सुरू केलाच आहे, तर मुंबई दूरदर्शनच्या भांडारात ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ यांचे जे काही शिल्लक असेल ते लेखक-दिग्दर्शकांच्या नावांनिशी तेथे क्रमवार मांडावे. वळच्या त्या तरुणाला चिमणराव प्रथमच भेटेल. तो हसतो की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.