वक्फचे कागद शोधले, वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर?

जून ते डिसेंबर 2025 या सहा महिन्यांत उम्मीद पोर्टलने गावोगावच्या मुतवल्ली आणि जिम्मेदार मंडळींची झोप उडवली. मशीद, कब्रस्तान, दर्गा आपल्या ताब्यात, पण कागद सापडेना. कुठे कागद सापडला, तर त्यावर नाव भलत्याचंच. ताबा वेगळा आणि नोंद वेगळी, हा धडा आपल्याला चांगलाच मिळाला. मात्र तो आणखी एका मालमत्तेला लावायचं आपल्या लक्षात येत नाही. ती म्हणजे इदाऱ्याच्या वेबसाइटचं नाव, म्हणजेच डोमेन.

आमच्या माहितीतल्या एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट ओळखीच्या एका मुलाने बनवून दिली. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. नियत साफ होती. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला, ईमेल बदलला. पैसे भरण्याच्या सूचना जुन्याच पत्त्यावर जात राहिल्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत वेबसाइट बंद पडली, आणि काही महिन्यांनी त्याच नावावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. देणगीच्या पावत्यांवर पत्ता तोच छापलेला! पालकांना आणि देणगीदारांना काय सांगणार?

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. मुदत संपून नाव रद्द झालं, तर डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारखं नाव जादा पैसे भरून सोडवायला 30 दिवस मिळतात. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो.

दुसरा मुद्दा भरवशाचा. मिळत्याजुळत्या नावांनी होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं. डॉट ऑर्गचं तसं नाही. ते कुणालाही मिळतं. म्हणून रमजानमध्ये जकातीची लिंक आली, की शेवटी 'ऑर्ग' आहे एवढ्यावर विसंबू नका. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांसाठी 'डॉट एज्यु डॉट इन' आणि 'डॉट एसी डॉट इन' आहेत. ते अर्नेट इंडियाकडून, कागद तपासून मिळतात.

नाव निवडतानाही आपली एक खास अडचण असते. 'तालीम' रोमन लिपीत कुणी दोन 'ई' लावून लिहितो, कुणी एक 'आय' लावून. परवडत असेल तर दोन्ही नावं घ्यावीत. देवनागरी आणि उर्दू लिपीत 'डॉट भारत'सुद्धा मिळतं, जोडीला ठेवायला हरकत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये जिम्मेदारांनी एवढंच विचारावं: डोमेन कुणाच्या नावावर आहे, ईमेल कुणाचा आहे, मुदत कधी संपते? उत्तरं रजिस्टरमध्ये लिहून ठेवावीत, डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्यावं आणि पैसे संस्थेच्या खात्यातून भरावेत. कौमच्या पैशाने उभं राहिलेलं नाव ही अमानत आहे. ती एखाद्याच्या मोबाइलमध्ये ठेवून चालणार नाही.